तळघराची किल्ली

"मामा, तळघरातून तेवढा तांदूळ आणता का?" म्हणत भाचीने किल्ली हातात दिली. बाहेर उणे अकरा होते. इमारतीच्या आतल्या आत करण्यासारखे काम मिळाले या आनंदात मी लिफ्टने खाली गेलो. हेलसिंकीत येऊन जेमतेम दोन दिवस झाले होते. भारतीय दुकानातून बासमती एकदम भरायचा आणि स्वयंपाकघरात मावत नाही म्हणून तळघरातल्या आपल्या जाळीच्या खणात ठेवायचा, हा तिथल्या आमच्या संसाराचा रिवाज. खण सापडला. शेजारच्या खणांत स्की, सायकली, मोटारींचे उन्हाळी टायर, एक बाबागाडी. आपल्या पोटमाळ्यावर असते तेच सगळे, फक्त अंगावर कोसळत नव्हते.

पाच किलोची पिशवी काखोटीला मारून वळलो तेव्हा दाराकडे लक्ष गेले. येताना ते सताड उघडे होते म्हणून दिसलेच नव्हते. सराफाच्या तिजोरीला शोभेल असे जाडजूड पोलादी दार, कडांना रबर, आणि कडीकोयंड्याऐवजी दोन लांब दांडे. आत कोपऱ्यात एक हिरवट यंत्र, त्यातून भिंतीत गेलेला जाड नळ, आणि यंत्राला हाताने फिरवायची दांडी. समोरच्या भिंतीत खाली एक लोखंडी झडप, माणूस रांगत जाईल एवढीच. दाराबाहेर नारिंगी चौकोनात निळा त्रिकोण.

वर येऊन विचारले. भाचेजावई लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाले, "ते होय? ते बॉम्ब पडायला लागले तर जाऊन बसायचं ठिकाण. चहा टाकू ना?"

आपल्याकडे 'टाकी गच्चीवर आहे' हे ज्या सुरात सांगतात, त्या सुरात. मी चहा घेतला, पण तो कसा झाला होता ते आठवत नाही.

लढाईशी माझी ओळख डिसेंबर १९७१ची. वय आठ, गिरगावातली चाळ, खिडक्यांच्या काचांवर चिकटवलेले काळे कागद, आणि रात्री खालून येणारी हाक, "अहो, तिसऱ्या मजल्याचा दिवा घालवा!" भोंगा झाला की आम्ही पोरे जिन्याखाली. कागदांसाठी वडिलांनी घरीच खळ केली होती, तिचा वास अजून नाकात आहे. लढाई तेरा दिवसांत संपली. कागद मात्र कित्येक महिने काचांवर राहिले, आणि ते खरवडताना आईने पाकिस्तानपेक्षा त्या खळीलाच जास्त शिव्या दिल्या. तेव्हापासून युद्ध हा आमच्या घरात गप्पांचा विषय झाला. इथे तो सोसायटीच्या मेंटेनन्सचा विषय निघाला.

त्या इमारतीच्या शेल्टरची देखभाल तळमजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ करतात. भाचीने त्यांची गाठ घालून दिली. फिनलंडमध्ये अहोजाहो नाही. सत्तरीचा हा माणूस तिला एकेरी नावाने हाक मारतो आणि तीही त्याला. विचारले तेवढ्याचेच उत्तर मिळते, त्यावर एक शब्द फुकट नाही. तरी मी चिवट. विचारत गेलो आणि तो सांगत गेला. बाराशे चौरस मीटरच्या वर निवासी इमारत बांधायची तर शेल्टर बांधणे कायद्याने सक्तीचे. खर्च बांधणाऱ्याचा, म्हणजे शेवटी घर घेणाऱ्याचा. एरवी त्यात सायकली ठेवा, नाहीतर आणखी काही करा. सरकारची हरकत नाही. फक्त हुकूम आला की बहात्तर तासांच्या आत ते रिकामे करून वापरायला तयार पाहिजे. जागा माणशी पाऊण चौरस मीटर.

"पाऊण?" मी विचारले.

"पाऊण," तो म्हणाला.

विरारची लोकल पाहिलेल्या माणसाला ही चैन वाटली, पण ते त्याला समजावण्यात अर्थ नव्हता.

अशी शेल्टर्स देशात पन्नास हजारांहून जास्त आहेत. त्यांत सुमारे ४८ लाख माणसे मावतात, आणि देशाची लोकसंख्या आहे छप्पन लाखांच्या आसपास. ज्यांना जागा नाही ते बहुतेक विरळ वस्तीच्या गावांतले, जिथे शेजारचे घर हाकेच्या अंतरावर नसते. हेलसिंकीपुरते पाहिले तर शहरात राहणाऱ्या माणसांपेक्षा जमिनीखालची जागाच जास्त आहे; कामाला येणारे, पाहुणे, माझ्यासारखे तांदूळ आणायला गेलेले, सगळे धरून हिशेब केलेला. हे शहर ग्रॅनाइटवर बसले आहे. कातळ फोडायचा आणि आत शिरायचे, याची त्यांना इतकी सवय की एक चर्चसुद्धा त्यांनी कातळात कोरले आहे.

मग मी शेल्टर्सच पाहत सुटलो. लोक हेलसिंकीत डिझाइनची दुकाने बघतात. पूर्वेकडच्या इताकेस्कुस भागात कातळाच्या पोटात पोहण्याचा तलाव आहे. १९९३ला उघडलेला. लांबच लांब निळे पाणी, वर खडबडीत पांढरा रंगवलेला दगड, कडेला बदकाच्या आकाराच्या रबरी ट्यूबा घालून आलेली बालवाडीची पोरे. त्यांच्या किंकाळ्या दगडावर आपटून दुप्पट होत होत्या. वेळ आली की हे पाणी सोडून द्यायचे आणि तिथे ३८०० माणसे बसवायची. मेरिहाका नावाच्या वस्तीखाली सहा हजारांचे शेल्टर आहे. एरवी तिथे तरुण मंडळी हॉकीसारखा एक खेळ खेळतात, आणि लहान मुलांसाठी घसरगुंड्या आहेत. मला त्यातली हुशारी उशिरा लक्षात आली. नुसती बंद करून ठेवलेली जागा दहा वर्षांत गळायला लागते, दिवे जातात, किल्ली कोणाकडे आहे ते कोणालाच माहीत नसते. रोज पोरे घसरगुंडीवर खेळतात तिथली हवा, वीज आणि संडास चालू राहतात. शिवाय वाट शिकवावी लागत नाही. त्या पोरांना भोंगा झाल्यावर कुठे पळायचे ते ठाऊक असेल. तिथे आईस्क्रीम मिळते.

भोंग्याची गोष्ट पुढच्या सोमवारची. बंदराजवळच्या बाजारात, तंबूत बसून मी कॉफी पीत होतो. बाराला भोंगा वाजला. लांबट, एकसुरी, साऱ्या शहरावरून. अंगातले आठ वर्षांचे पोर एकदम उभे राहिले आणि माझे डोळे जिना शोधू लागले. शेजारच्या बाईने घड्याळ पाहिले, दोन मिनिटे मागे होते ते पुढे केले, आणि सूप प्यायला लागली. महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बाराला देशभर भोंग्यांची चाचणी होते. खरा इशारा असला तर सूर खालीवर होत राहतो, मिनिटभर. एवढा फरक इथल्या शाळेतल्या पोरालाही कळतो.

एवढी तालीम कशासाठी, याचे उत्तर तारखेत आहे. ३० नोव्हेंबर १९३९. त्याआधी चार दिवस, सरहद्दीपलीकडच्या माइनिला या रशियन खेड्यात तोफगोळे पडले. मॉस्कोने बोट फिनलंडकडे दाखवले. मग युद्धाची घोषणा वगैरे काही न करता सोव्हिएत विमाने हेलसिंकीवर आली आणि त्याच सकाळी लष्कर सीमा ओलांडून आत शिरले. तेव्हा फिनलंडची वस्ती ३७ लाख. लष्कराजवळ रणगाडे जवळजवळ नव्हतेच, रणगाडाविरोधी तोफा मोजक्या, आणि तोफांना गोळे इतके कमी की कधी उडवायचे याचे रेशनिंग करावे लागले. सरकारी दारूच्या कारखान्यात बाटल्यांत पेट्रोल आणि डांबर भरून त्या रणगाड्यांवर फेकायला पाठवल्या. सोव्हिएत परराष्ट्रमंत्र्याच्या नावाने त्यांना जे नाव पडले ते जगभर गेले.

तरी हे 'हिवाळी युद्ध' १०५ दिवस चालले. त्यामागे एक गोष्ट होती, आणि लष्करी इतिहास वाचणारे लोक तिच्याकडे फारसे पाहत नाहीत, कारण ती कागदावरची आहे. ऑक्टोबरमध्ये, मॉस्कोत बोलणी चालू असतानाच, फिनलंडने राखीव सैनिकांना 'उजळणीच्या जादा प्रशिक्षणा'साठी बोलावले. नाव उजळणी, काम जमवाजमव. विमाने आली तेव्हा माणसे जागेवर होती, एकमेकांना ओळखत होती, खंदक कुठे ते त्यांना माहीत होते. आजही राखीव सैनिकाला उजळणीचे बोलावणे येते, आणि ते कधीही येऊ शकते.

लढण्याची पद्धतही जंगलातून आलेली. लाकूडतोड्यांच्या भाषेत 'मोत्ती' म्हणजे फोडण्यासाठी मापून रचून ठेवलेला लाकडाचा ढीग. जानेवारी १९४०मध्ये राते नावाच्या रस्त्यावर सोव्हिएत सैन्याची एक आख्खी डिव्हिजन एकामागे एक अशी मैलोन् मैल अडकली. दोन्ही बाजूंना कंबरभर बर्फ आणि झाडी. फिनिश सैनिक पांढरे कपडे घालून स्कीवरून झाडीतून आले, रांगेचे मोत्तीसारखे जागोजागी तुकडे पाडले, आधी स्वयंपाकाच्या गाड्या आणि शेकोट्या टिपल्या, आणि बाकीचे काम थंडीवर सोपवले. गनिमी काव्याची गोष्ट लहानपणापासून ऐकलेल्या माझ्यासारख्याला हे ऐकताना मान डोलवायचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. कारण पुढे तोफांचा मारा जिथे करायचा तिथे, म्हणजे करेलियाच्या चिंचोळ्या पट्ट्यात, सोव्हिएत फौज फेब्रुवारीत पुन्हा नीट जमून आली आणि तिथे स्की चालल्या नाहीत. १२ मार्चला तह झाला. देशाचा सुमारे दहावा हिस्सा गेला, वीपुरी हे मोठे शहर गेले, आणि चार लाखांवर माणसे घरदार सोडून अलीकडे आली.

स्वीडनमधून स्वयंसेवक आले, सहानुभूतीचे ठराव झाले, राष्ट्रसंघाने सोव्हिएत संघाला काढून टाकले. ब्रिटन आणि फ्रान्सचे सैन्य येणार, येणार म्हणत आलेच नाही. माझ्या मते फिनलंडच्या सगळ्या संरक्षणविचाराचे मूळ या न आलेल्या सैन्यात आहे. शौर्याच्या गोष्टी त्यांच्याकडेही आहेत. सिमो हायहा या नेमबाजाचे नाव इंटरनेटवर हिंडणाऱ्या पोरांनाही माहीत असते. पण धोरण त्या गोष्टींवर उभे केलेले नाही. ते उभे आहे दोन खतावण्यांवर: गोळे संपले होते, आणि कोणी आले नव्हते. शीतयुद्ध संपल्यावर युरोपातल्या बहुतेक देशांनी तोफा मोडीत काढल्या, सक्तीची भरती बंद केली. फिनलंडने दोन्ही ठेवले. आज त्यांचा तोफखाना पश्चिम युरोपातल्या सर्वांत मोठ्यांपैकी आहे आणि युद्धकाळी उभे करायचे सैन्य २ लाख ८० हजार. लोकसंख्येच्या मानाने ही संख्या पाहून परके लोक बिचकतात.

त्या भोंग्याच्या सोमवारी दुपारी मी बाजाराजवळूनच फेरीबोट धरून सुओमेनलिन्ना या बेटांवरच्या किल्ल्यावर गेलो. पंधरा मिनिटे, बर्फ फोडत. स्वीडनच्या राज्यात १७४८ला बांधायला घेतलेला हा किल्ला. आज तिथे आठशेच्या आसपास माणसे राहतात, पोरे दप्तर घेऊन बोटीत बसतात. तटावरून चालताना आज्ञापत्रातला दुर्गांचा भाग आठवला. रामचंद्रपंत अमात्य गड बांधण्याआधी पाणी पाहायला सांगतात. इथे दगड, तोफा, शिबंदी, सगळे होते. १८०८मध्ये रशियन फौजेने वेढा घातला. किल्लेदार क्रोनस्टेट याने तह केला की ३ मेपर्यंत स्वीडनची कुमक आली नाही तर किल्ला देईन. समुद्र गोठलेला. कुमक आली नाही. जिब्राल्टरशी तुलना होणारा किल्ला फारसे रक्त न सांडता गेला, आणि पुढच्या वर्षी फिनलंड स्वीडनकडून रशियाकडे. इतिहासकार आजही भांडतात की किल्लेदार फितूर होता, भित्रा होता की फक्त हिशेबी. मला त्या भांडणापेक्षा तारीख ठरवून वाट पाहणाऱ्या त्या माणसाचा एप्रिल महिना जास्त डोळ्यांसमोर आला. रोज सकाळी तटावर जाऊन दक्षिणेकडे बघायचे. बर्फ.

किल्ल्यातल्या लष्करी संग्रहालयात आणखी एक गोष्ट जाणवली. हिवाळी युद्धाच्या दालनात लोक रेंगाळतात. पुढच्या युद्धाशी, म्हणजे १९४१ ते ४४मध्ये गेलेला मुलूख परत मिळवायला फिनलंड जर्मनीच्या बरोबरीने लढला त्याच्याशी, आले की पावले वेगाने पडतात. आणि १९१८चे आपसातले युद्ध, ज्यात तीस हजारांहून जास्त फिनिश माणसे गेली, बहुतेक फिनिश माणसांच्याच हातून किंवा त्यांच्या तुरुंगांत, ते तर मी विचारले तेव्हाच निघाले. लाल आणि पांढऱ्या, दोन्ही बाजूंची मुले वीस वर्षांनी एकाच खंदकात उभी राहिली; हिवाळी युद्धावर यांचा एवढा जीव का, त्याचे हेही एक कारण. सोयीचा इतिहास तेही वापरतात, आपणही वापरतो. फरक पडतो तो वापर कशासाठी होतो यात. पुतळ्याची उंची वाढवण्यासाठी झाला तर त्याचे बिल वेगळे येते.

बिलावरून आठवले. भाची विजेसाठी जो कर भरते त्यात एक बारीक हिस्सा आणीबाणीच्या साठ्यासाठी असतो. त्यातून इंधन, औषधे, धान्य साठवून ठेवतात. धान्य निदान सहा महिने पुरेल एवढे. याचे मूळ युद्धातही नाही, त्याहून मागे आहे: १८६६ ते ६८च्या दुष्काळात फिनलंडमधली दर शंभरात आठ माणसे मेली होती. पन्हाळ्यावरचा अंबरखाना पाहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. आपण अंबरखान्यापुढे फोटो काढतो. यांच्या अंबरखान्याचा फोटो काढता येत नाही, कारण तो कुठे आहे ते सांगत नाहीत. देखभाल करणाऱ्या गृहस्थांना मी विचारले तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

आणखी एक व्यवस्था मला फार आवडली. १९६१पासून इथे राष्ट्रीय संरक्षणाचा अभ्यासक्रम चालतो. त्याला निमंत्रण लागते. खासदार, कंपन्यांचे प्रमुख, संपादक, अधिकारी, अशांना काही आठवडे सेनाधिकाऱ्यांबरोबर बसवतात आणि वीज गेली, बंदर बंद झाले, अफवा पसरल्या तर कोणी काय करायचे यावर डोके चालवायला लावतात. उद्या खरी वेळ आली तर फोनच्या दोन्ही टोकांना ओळखीची माणसे असावीत, एवढाच हेतू. आपल्याकडे सेनापती आणि संपादक एकमेकांना चर्चासत्रात भेटतात. तिथे ओळख होत नाही, भाषण होते.

मे २०२२मध्ये फिनलंडच्या संसदेने नाटोत जाण्याच्या बाजूने १८८ विरुद्ध ८ मतांनी कौल दिला, आणि ४ एप्रिल २०२३ला देश सभासद झाला. रशियाशी सरहद्द १३४० किलोमीटरची. युक्रेनवर हल्ला होईपर्यंत नाटो हवे म्हणणारे फिनलंडमध्ये चौथ्या हिश्श्याच्या आसपास होते. हल्ल्यानंतर काही आठवड्यांत ते तीन चतुर्थांश झाले. ऐंशी वर्षे 'कोणी येणार नाही' असे धरून चाललेले लोक, आता येणाऱ्यांची यादी हातात आल्यावर शेल्टरचे नियम सैल करतील, असे मला वाटले होते. गृहस्थांना तसे म्हणालो. ते थोडा वेळ गप्प राहिले. "यायला वेळ लागतो," ते म्हणाले.

हे सगळे मी पर्यटकाच्या कुतूहलाने गोळा करत होतो, तोपर्यंत ठीक होते. एका रात्री जेवताना भाचीचा मुलगा सहज म्हणाला, "आजोबा, मला शरदात बोलावणं येईल." त्याला अठरा पूर्ण होतात. घरातल्या सगळ्यांनी फिनलंडचे नागरिकत्व घेतले आहे, तेव्हा मुलग्यांना हे येतेच: १६५, २५५ किंवा ३४७ दिवस. आमटी वाढता वाढता भाचीचा हात क्षणभर थांबला. जावयांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता ठेवला. आमच्या घराण्यात कारकून झाले, मास्तर झाले, एक जण कीर्तनकार. सैन्यात गेलेला माणूस आठवायचा तर पाचसहा पिढ्या मागे जावे लागेल, तेही खात्रीने नाही.

"तुला जायचंय का?" मी विचारले.

"सगळेच जातात," तो म्हणाला. मग जरा विचार करून, "मित्र म्हणतो, जेवण वाईट असतं."

त्याने उरलेला भात ताटात ओढला. पुढे कोणी काही बोलले नाही, आणि भाचीने त्याला न विचारता तूप वाढले.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच जवळच्या चर्चच्या आवारात गेलो. फिनलंडमध्ये युद्धात पडलेल्या सैनिकाला शक्य असेल तर त्याच्या गावी आणून पुरले, म्हणून जवळजवळ प्रत्येक चर्चजवळ त्यांच्या कबरींचा वेगळा तुकडा असतो. सगळे दगड एकसारखे, बुटके. कोणीतरी बर्फ झाडून नावे मोकळी केली होती. मी जन्मसाल आणि मृत्यूसाल यांची वजाबाकी करत गेलो. एकोणीस. बावीस. एकोणीस. चौतीस. वीस. थंडीने बोटे वाजायला लागली तेव्हा थांबलो.

निघायच्या आदल्या दिवशी गृहस्थांनी आपणहून बोलावले. यंत्र तपासायचा दिवस होता. वर्षातून एकदा ते सगळे पाहतात: दाराचे रबर, नळ, कोरड्या संडासाच्या पिशव्यांचा गठ्ठा, पाण्याचे डबे. वीज गेली तर बाहेरची हवा गाळून आत ओढायला तो हाताचा दांडा. "फिरवून बघा," म्हणाले. पहिला फेरा जड गेला, मग यंत्राने घरघर धरली आणि छताजवळच्या जाळीतून गार, किंचित रबरी वासाची हवा तोंडावर आली. मी फिरवत राहिलो. पाचेक मिनिटांत खांदा भरून आला. त्यांनी वहीत तारीख लिहिली, पुढे दोन अक्षरांची सही केली, आणि दिवा घालवला.

संध्याकाळी बॅगा भरल्या. येताना दोन आणल्या होत्या. चकल्या, भाजणी, गोडा मसाला, सगळे उतरून झाल्यावर एक रिकामी झाली.

"ही राहू दे मामा, पुढच्या वेळी लागेल," भाची म्हणाली आणि किल्ली दिली. "खाली आपल्या खणात ठेवा. पण अगदी मागे नको हं, दाराजवळ ठेवा. रिकामं करायची वेळ आली तर पटकन उचलता आली पाहिजे."